पाहुण्यांसाठी झूलाघर

बालसेविकेचं प्रशिक्षण संपवून मी घरी बसले होते, तेव्हाची गोष्ट. सत्तरच्या आसपासचा काळ. आमचं घर नागपूरच्या उत्तरेला, जरीपटक्याच्या बाजारापासून पायी जाता येईल इतकं जवळ. बाबा मिलमध्ये कामाला. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती, की पोरींना शिकवायचं. शिकवलंही. पण शिकलेल्या पोरीला नोकरी कुठून मिळते हे त्यांना माहीत नव्हतं. ते पाळीवरून येत, मी चहा देई, आणि आम्ही दोघंही तो विषय टाळून मिलच्या भोंग्याबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल बोलत बसू.

मग एकदा प्रशिक्षणाच्या बाईंचा निरोप आला. रामटेकच्या वाटेवर मँगनीजची एक खासगी खाण होती. तिथल्या कल्याण अधिकाऱ्यांना मुलं सांभाळायला शिकलेली बाई हवी होती. बाबा माझ्यासोबत आले. साहेब साधे होते. बुशशर्ट, जाड भिंगांचा चष्मा, आवाज मऊ. ते म्हणाले, "ज्या खाणीत बायका कामाला असतात तिथं कायद्यानं पाळणाघर लागतं. ते आम्ही सुरू करतोय."

"नौकरी पक्की आहे ना साहेब?" बाबांनी विचारलं.

"चांगलं चाललं तर का नाही?"

बाबांनी ते 'हो' असंच ऐकलं. मीही.

मी रोज सकाळी कामठीमार्गे जाणारी एस.टी. धरू लागले. कागदावर ते पाळणाघर होतं, खाणीवरच्या बायका त्याला झूलाघर म्हणत. काम करणाऱ्या बायकांना तिथं रेजा म्हणत. त्या रांगेनं बसून हातोडीनं दगड फोडत आणि त्यातले काळे, जड खडे वेचून टोपलीत टाकत. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे असत. मुलं मातीच्या ढिगाच्या सावलीत, तीन काठ्या बांधून केलेल्या झोळीत निजलेली. पहिल्या दिवशी मला त्या मुलांचं कौतुक वाटलं. एवढा दणदणाट चाललाय आणि एकही मूल रडत नाही. तसं मी बोलूनही दाखवलं, तर एक म्हातारी रेजा हातोडी न थांबवता म्हणाली, "अफीम देऊन आणतेत वं बाई. नाई तं काम कसं होईन?"

झूलाघराची खोली नुकतीच चुन्यानं रंगवलेली होती. नागपूरहून आणलेले लाकडी पाळणे, खुळखुळे, दूध तापवायला स्टोव्ह, सगळं होतं. मुलं मात्र नव्हती. बायकांचा विश्वास नव्हता. कोण कुठली शहरातली पोरगी, तिच्या हाती लेकरू कसं द्यायचं? मी रांगेतून फिरून एकेकीला सांगत होते. शेवटी एक तयार झाली. माझ्याच वयाची असेल, काटक, बोलायला कमी. तिची पोरगी वर्षाची होऊन गेली होती, पण धड बसत नव्हती.

"गोळी देऊन आणू का तशीच आणू?" तिनं विचारलं.

"तशीच आण."

"मंग रडन थे. दिवसभर रडन."

"रडू दे. मी आहे ना."

पोरगी नुसती रडली नाही. तिला कापरं भरलं, उलट्या झाल्या, डोळा लागेना. प्रशिक्षणात आम्हाला मातीकाम आणि बडबडगीतं शिकवली होती. यातलं काहीच शिकवलं नव्हतं. खाणीच्या दवाखान्यातले कंपाउंडर म्हणाले, एकदम बंद करू नका, कमी कमी करत जा. मग आईनं गोळी लहान लहान करत नेली, आणि मी तिला खांद्यावर टाकून खोलीभर फिरत राहिले. हळूहळू ती भात खाऊ लागली. पाळण्याचा कठडा धरून उभी राहू लागली. एकदा दुपारच्या सुट्टीत आई पाणी प्यायला आली, तेव्हा पोरगी कठडा सोडून तिच्याकडे चालत गेली. आईनं काळे हात लुगड्याला पुसले आणि तिला उचललं. दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या रांगेतल्या आणखी दोघींची मुलं आणली. मग खोली भरली.

परदेशी पाहुणे येणार आहेत हे मला आदल्या दिवशी कळलं. नागपुरात खनिजांची सरकारी कार्यालयं पुष्कळ, आणि त्यांच्यासोबत एक प्रशिक्षण केंद्रही होतं. आफ्रिकेतले आणि आशियातले जे देश नुकते स्वतंत्र झाले होते आणि ज्यांच्या जमिनीखाली तांबं, कथील, तेल असं काही होतं, तिथले अधिकारी भारत सरकारच्या खर्चानं तिथं शिकायला येत. खाणी आजवर गोऱ्या कंपन्यांच्या ताब्यात होत्या. आता त्यांच्यावर देखरेख कशी ठेवायची, कायदा कसा करायचा, सरकारचा वाटा कसा वसूल करायचा, हे त्यांना शिकायचं होतं. हे सगळं मला नंतर समजलं. त्या दिवशी एवढंच समजलं की खोलीला पुन्हा चुना लागतोय आणि मुलांना नवे झबले मिळालेत. कल्याण साहेब मला म्हणाले, "कोणी विचारलं तर सांगा, पाळणाघर पहिल्यापासून आहे." मी झबल्यांच्या घड्या घालत राहिले.

पाहुण्यांमध्ये एक खूप उंच गृहस्थ होते, तांब्याच्या खाणींच्या देशातले. बाकीचे दारातूनच बघून निघाले. हे आत आले आणि जमिनीवर उकिडवे बसले. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, इथं कधीपासून काम करता? तेवढं इंग्रजी मला येत होतं. मी म्हणाले, पोळा झाल्यापासून. कल्याण साहेब मागून पटकन म्हणाले, "यांच्याआधी दुसऱ्या बाई होत्या."

"खर्च कोण करतं?"

"मालक," साहेबांनी सांगितलं. "कायदाच आहे तसा."

उंच गृहस्थांनी मान हलवली. तेवढ्यात ती पहिली पोरगी चालत त्यांच्याकडे गेली आणि तिनं त्यांचा चष्मा ओढला. ते हसले. त्यांनी तिला उचलून घेतलं आणि बराच वेळ तिला कडेवर घेऊनच प्रश्न विचारत राहिले. मुलं काय खातात, आजारी पडली तर कोण बघतं, आया कितीदा येऊन जातात. घरी त्यांची एवढ्याच वयाची मुलगी होती, असं ते जाताना म्हणाले. प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते.

ती तुकडी आपापल्या देशाला परत गेल्यावर थोड्याच दिवसांनी कल्याण साहेबांनी मला बोलावलं. टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "वरून सांगणं आलंय. सध्या बंद ठेवायचं."

"सध्या म्हणजे कधीपर्यंत?"

"ते मलाही नाही सांगितलं, ताई."

मला वाटतं त्यांना खरंच लाज वाटत होती. पाळणे ट्रकमध्ये भरले गेले. खोलीत सिमेंटची पोती आली. बायकांना सांगायचं काम माझ्यावर आलं.

बाकीच्या चिडल्या. दोघीतिघी मुकादमाकडे भांडायलाही गेल्या. त्या पहिल्या पोरीची आई मात्र तिथंच उभी राहिली. "मंग उद्यापासून पोरगी कुठी ठेवू?"

ती विचार करत म्हणाली, "आता तं थे चालते. झोळीत नाई राहात. खाली सोडली तं गाड्याच्या रस्त्यावर जाईन." मग माझ्याकडे बघून, "गोळी द्याच लागन. किती देऊ?"

कंपाउंडर त्या दिवशी रजेवर होते. मी म्हणाले, "पहिल्यासारखी पुरी नको देऊ. अर्धी दे."

बाबांना मी घरी आल्यावर सांगितलं की नोकरी गेली. पण मी फार दिवस घरी बसले नाही. प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख एका रविवारी स्वतः आमच्या घरी आले. केंद्राच्या वसतिगृहात परदेशी पाहुण्यांची व्यवस्था बघायला त्यांना कोणी तरी हवं होतं. बाबांना ते म्हणाले, "तुमच्या मुलीनं पाहुण्यांना नीट उत्तरं दिली. न घाबरता." बाबांनी गल्लीत पेढे वाटले. सरकारी नोकरी, आणि ती पोरीला. मीही एक पेढा खाल्ला. ज्या खोलीत आता सिमेंट होतं, तिथं उभी राहून मी ही नोकरी मिळवली होती, ही गोष्ट पेढा तोंडात असतानाच माझ्या ध्यानात आली.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी प्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. खाण तपासणाऱ्या खात्याला कळवतो म्हणाले, आणि कळवलंही. काही महिन्यांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तपासणी झाली. पाळणाघर सुरू आहे असं त्यांनी लिहिलंय."

"कसं सुरू असेल, सर?"

"त्या दिवशी सुरू होतं. कोणी दुसरी बाई बसवली होती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "निरीक्षक येणार हे खाणीला आधी कळवलं जातं. मी यापुढे काय करणार?"

मला त्यांचा राग आला नाही. राग यायला हवा होता, असं आता वाटतं.

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी मी एक फ्रॉक आणि बिस्किटांचा पुडा घेऊन त्या पोरीच्या गावी गेले. खाणीपलीकडच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, ओलांडून तिची झोपडी होती. पोरगी उंबऱ्यात बसलेली. मला बघून तिच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. ती उजेडाकडे बघत होती, एवढंच.

"मस्त झोपली होती थे," आई सांगू लागली, चूल फुंकत. "दिवसभर झोपली. संध्याकाळी घरी आणली तरी उठे नाई. ओठ निळे पडले होते. मंग मालकानं उचलली अन् रामटेकच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर मले म्हणे, सुटली होती तं पुन्हा काहून दिली? अर्धीच दिली म्हटलं. तं थो म्हणे, अर्धीही तिले जास्त झाली."

तिचा मालक, म्हणजे नवरा, दारापाशी बिडी पेटवत होता.

"मीच सांगितलं होतं अर्धी," मी म्हणाले.

"तुमी तं कमीच सांगतली होती." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमचा काय दोष बाई? तुमीच तं तिले चालाले शिकोलं."

तिनं शेजारून साखर मागून आणून चहा केला. तो मी सगळा प्याले. परत येताना कन्हानच्या पुलावर एस.टी. बराच वेळ अडकली होती, आणि मला वाटत होतं की तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वसतिगृहात माझी वर्षं गेली. पाहुण्यांच्या खोल्या, त्यांचे ताप, त्यांची घरची आठवण, हे माझं काम. आपलं तिखट त्यांना झेपत नसे. आफ्रिकेतले बरेच जण मक्याचं पीठ मागत. मी ते जरीपटक्याच्या बाजारातून आणून देई आणि ते त्याचा घट्ट गोळा शिजवून खात. अशाच एका तुकडीत पहिल्यांदा एक बाई अधिकारी आली. तीही त्याच तांब्याच्या देशातली. रविवारी ती स्वयंपाकघरात येऊन स्वतः पीठ घोटायची आणि मी शेजारी भाजी चिरायची. माझं मोडकं इंग्रजी तिला समजायचं.

एकदा घोटता घोटता तिनं सांगितलं की तिच्या खात्याचे मोठे साहेब पूर्वी नागपूरला येऊन गेलेत. परत गेल्यावर त्यांनी कायद्यात घातलं, खाणीत जिथं बायका असतील तिथं पाळणाघर पाहिजे. कंपन्यांनी खूप विरोध केला. असले लाड कुठल्याच गरीब देशाला परवडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा साहेब त्यांना नागपूरजवळच्या एका खोलीची गोष्ट सांगत. एक लहान मुलगी चालत आली आणि तिनं त्यांचा चष्मा ओढला, इथपासून. शेवटी पाळणाघरं झाली. "माझ्या बहिणीची दोन्ही मुलं त्यात वाढली," ती म्हणाली. "मला ती खोली बघायची आहे. तुम्हाला माहीत असेल ना कुठं आहे?"

मी चाकू खाली ठेवला. जेवढं इंग्रजी येत होतं तेवढ्यात तिला सगळं सांगितलं. चुना, झबले, पोती, अर्धी गोळी. तिचं पीठ पातेल्याला लागलं, करपल्याचा वास आला, तरी तिनं हात हलवला नाही. मग तिनं गॅस बंद केला आणि विचारलं, "ती आई आहे का अजून?"

पुढच्या सुट्टीला मी तिला घेऊन गेले. गाव गोळा झालं बघायला. पोरगी आता शाळेत जात होती. वाचायची, पण अक्षरावर बोट ठेवून, हळू. माझी तिला काही ओळख नव्हती. आई अजूनही खाणीवर दगड फोडत होती, फक्त आता मधूनमधून खोकत होती. पाहुणीनं तिला विचारलं, आणि मी मराठीत सांगितलं, "ही बाई तिच्या देशात खाणी तपासते. तिनं काय करावं असं तुला वाटतं?"

तिला हसू आलं. तिला असलं काही कोणी विचारलं नसावं. म्हणाली, "न सांगता या म्हणा. अन् साहेबाच्या हापिसात नोको बसू म्हणा. आमच्या रांगेत येऊन बस अन् इचार, लेकरू कुठी आहे." मग तिचा चेहरा बदलला. "बाई, हे लिहून नेईन का थे? माहं नाव तं नाई ना येणार? माहं काम जाईन."

मी ते सांगितल्यावर पाहुणीनं मान हलवून नाही म्हटलं. नाव नाही, खाणीचंही नाही.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. कामठी आलं तेव्हा म्हणाली, "मी आमच्या साहेबांना हे सांगणार नाही."

"का?"

"कंपन्यांशी अजून भांडण चालू आहे. दरवर्षी सूट मागणारा नवा अर्ज करतात. साहेब छातीठोकपणे सांगतात की मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना खरं कळलं तर ते तसं सांगू शकणार नाहीत. खोटं बोलणारा माणूस नाही तो."

मला आधी बरं वाटलं. कुठं तरी पाळणे हलताहेत, त्यांत मुलं जागी आहेत. आणि लगेच तेच अपुरं वाटू लागलं. त्या मुलांचं बरं व्हावं म्हणून ही एक पोरगी अक्षरावर बोट ठेवून वाचतेय, असा काहीतरी हिशेब माझ्या डोक्यात होऊ लागला. मी तो थांबवला. असा हिशेब मांडणंच वाईट, असं वाटलं.

ऐंशीनंतर खाणीत दगड फोडणारी आणि माल चाळणारी यंत्रं आली. रेजा कमी होत होत एक दिवस उरल्याच नाहीत. केंद्रात एक नवे व्याख्याते आले होते. परदेशी तुकडीला ते सांगत होते की आमच्या भागातल्या खाणींमधून पाळणाघराची एकही तक्रार आता येत नाही. मी मागे चहाचे कप लावत होते. मी म्हणाले, "सर, आता तिथं बायकाच कामाला नाहीत. बायका नसतील तर पाळणाघर लागत नाही."

"बरोबर," ते म्हणाले. "तेही एक कारण आहे." आणि त्यांनी पुढचा मुद्दा घेतला.

त्या उन्हाळ्यात मी पुन्हा तिच्या गावी गेले. ती आता रोवण्याच्या आणि कापणीच्या दिवसांत धानात जात होती, एरवी घरीच. पोरगी उंच झाली होती. गावातली शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढं रामटेकला पाठवायला नवरा तयार नव्हता. मी लग्न केलं नव्हतं. बाबा गेल्यावर घरात मी आणि आई, दोघीच. वाटेवर मी मनात ठरवून आले होते.

"हिला माझ्याकडे नागपूरला ठेव," मी म्हणाले. "मॅट्रिकपर्यंत शिकवते. माझ्या मुलीसारखी राहील."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. पोरगी आतल्या खोलीच्या दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती.

"एक डाव ठेवली होती बाई तुमच्यापाशी," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. पोरीला पूर्वी ताप आला होता, असं सांगावं तसं ती म्हणाली. मान खाली घालून मीही सुपातले खडे काढू लागले. आम्ही दोघींनी सूपभर तांदूळ निवडला. मग तिनं पोरीला हाक मारली आणि सांगितलं, "चहा मांड वं. बाई दुरून आल्या."